कॉन्झर्व्हेटरी बांधायचीय, त्याआधी बागेचं काय काय उरकून घ्यावं?

रानजाई_हॅरो | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमचं घर लंडनमधल्या हॅरोतलं, १९३० च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेलं. मागच्या बाजूला कॉन्झर्व्हेटरी करायचं बरीच वर्षं डोक्यात होतं ते आता नक्की केलंय. घरापासून ३ मीटर पुढे आणि ४ मीटर रुंद, खाली विटांची बुटकी भिंत आणि वर काचा. बिल्डर एप्रिलमध्ये सुरू करतो म्हणतोय आणि त्याचं एकच वाक्य, "बाग मोकळी करून ठेवा". आता मोकळी म्हणजे किती मोकळी ते तो काही नीट सांगत नाही.

सध्या तिथे काय आहे ते सांगते. घराला लागून जुन्या काँक्रीटच्या फरश्या, त्यापुढे आधीच्या मालकीणबाईंनी लावलेले गुलाब, एक हायड्रेंजिया आणि एक पिओनी, मग लॉन, आणि लॉनच्या कडेला जुनं सफरचंदाचं झाड, भिंतीपासून साधारण ६ मीटरवर. फरश्यांमध्ये एक लोखंडी झाकण आहे, त्यावर मी मोठी कुंडी ठेवून ते लपवलंय :) नवऱ्याचं म्हणणं सगळं उपटून टाकू आणि नंतर नवीन लावू. मला ते पटत नाही. सासूबाई दर उन्हाळ्यात येतात, त्यांचा कढीपत्ता नि मोगरा आत्ता किचनच्या खिडकीत दाटीवाटीने बसलेत, त्यांच्यासाठीच खरं तर हा खटाटोप.

कोणी केलंय का हे? सुरुवात कुठून करायची?

कुंडीतला_वटवृक्ष | १२ जानेवारी

रानजाई, फावडं हातात घ्यायच्या आधी ती कुंडी उचला. बाकी सगळं नंतर.

त्या झाकणाखाली ड्रेनचं चेंबर असणार. झाकण उघडायचं, एकाने वर जाऊन फ्लश करायचं, दुसऱ्याने खाली बघायचं पाणी कुठून येऊन कुठे जातंय. आणि मग तुमच्या घरातले सगळे नळ बंद ठेवून थोडा वेळ तसंच थांबायचं, शेजाऱ्यांना त्यांच्या बाथरूमचं पाणी सोडायला सांगायचं. तुमच्या चेंबरमधून त्यांचं पाणी गेलं तर ती लाइन एकट्या तुमची नाही. १ ऑक्टोबर २०११ पासून इंग्लंड-वेल्समधल्या अशा सामायिक लाइन्स वॉटर कंपनीच्या ताब्यात गेल्यात, म्हणजे तुमच्या हद्दीत असली तरी ती पब्लिक सूअर (sewer, सार्वजनिक सांडपाण्याची लाइन). तिच्यापासून ३ मीटरच्या आत बांधायचं तर कंपनीची परवानगी लागते, हॅरोत म्हणजे थेम्स वॉटर. कॉन्झर्व्हेटरीला प्लॅनिंग (काउन्सिलची बांधकाम परवानगी) लागत नाही म्हणून ही परवानगीही लागत नाही असं बरेच बिल्डर ठोकून देतात, ते खरं नाही. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर हा कागद मागतो तेव्हा धावाधाव होते.

झाकणाला गंज असेल तर पहारीने उचकटू नका, बोटं सांभाळा.

पोहे_आणि_पुडिंग (लीड्स) | १२ जानेवारी

ड्रेनबिन होईल हो सावकाश, झाडांचं मात्र आत्ताच करायला हवं कारण जानेवारी निघून गेला की गुलाब जागे होतात. आत्ता ते झोपलेत तोवर हलवायचे.

जमीन गोठलेली नाही आणि चिखलही नाही असा दिवस बघा. आदल्या दिवशी नव्या जागेचा खड्डा तयार ठेवा, आणि हो, जिथे आधी गुलाबच होते अशा जागी नवे गुलाब लावू नका, ते रडतात. मग गुलाब छाटून फूटभर ठेवायचा, बुंध्यापासून एक-दीड फूट लांबून चहूबाजूंनी कुदळ मारत यायचं आणि हुंडी (मुळांसकट मातीचा गोळा) होईल तेवढी मोठी काढायची. चिकणमातीत हुंडी चांगली धरते, हा एक तुमचा फायदा. खाली गोणपाट सरकवून दोघांनी उचलायचं, बुंध्याला धरून ओढायचं नाही. पुष्कळ जुने गुलाब असतील तर त्यांची मुळं गाजरासारखी सरळ खाली गेलेली असतात, ती तुटणारच, त्याला इलाज नाही. दोनातला एक जगेल असं धरून चाला.

हायड्रेंजिया सोपी, तिची मुळं वरवर असतात. पिओनी खरं म्हणजे शरदात हलवतात, पण तुमच्याकडे पर्याय नाही तर मोठ्या ढेकळासकट काढा आणि लावताना ते लालसर डोळे इंच-दोन इंचापेक्षा खाली जाऊ देऊ नका. खोल गेली की पानंच देत बसते, फूल नाही.

अजून एक, फरश्यांच्या कडेने स्नोड्रॉप असतील तर ते आत्ता दिसायला लागतील, फूल सरलं की हिरवे असतानाच उचला.

रानजाई_हॅरो | १४ जानेवारी

@वटवृक्ष, उघडलं! नवरा खाली वाकून बघत होता, मी शेजारच्या आजोबांना फोन केला, त्यांनी आंघोळीचं टब रिकामं केलं आणि दोन मिनिटांत आमच्या चेंबरमधून साबणाचा फेस वाहत गेला. त्यांच्या शाम्पूचा वाससुद्धा आला. म्हणजे सामायिकच. पाइप भिंतीला समांतर जातो, भिंतीपासून सव्वा मीटर असेल. आणि चेंबर बरोब्बर जिथे आमचा सोफा येणार होता तिथे.

@पोहे, गाजरासारखी मुळं वाचून धसकाच घेतला, पण करते या वीकांताला.

चिरमुरा | १४ जानेवारी

सोफ्याखाली मॅनहोल, पाहुणे फार वेळ बसणार नाहीत ही सोय बघा ना. दिवे घ्या.

कुंडीतला_वटवृक्ष | १४ जानेवारी

अगदी अपेक्षित. १९३० च्या सेमींमध्ये हे घरोघरी असतं, मागच्या बाजूने एकच लाइन दोन-चार घरांचं पाणी नेते. घाबरू नका. ड्रेनचा कॅमेरा सर्व्हे करून घ्या म्हणजे पाइप किती खोल, चिनीमातीचा आहे का, सांधे फुटलेत का ते कळतं. पब्लिक लाइनचं चेंबर खोलीच्या आत ठेवायला कंपनी सहसा हो म्हणत नाही, ते बाहेर सरकवावं लागतं. आणि पाया पाइपच्या वर बसत नाही, तो पाइपच्या खोलीपर्यंत न्यायचा असतो आणि पाइप जिथे भिंतीखालून जातो तिथे वर लिंटेल (आडवी तुळई) टाकून मोकळी जागा सोडायची असते. बिल्डरला विचारा त्याच्या कोटेशनमध्ये हे धरलंय का. नाही म्हणेल.

भेगाळलेली_माती | १५ जानेवारी

हॅरो म्हणजे लंडन क्ले, चिकणमाती. मी स्वतः ग्राउंड इन्व्हेस्टिगेशनमध्ये काम करतो त्यामुळे जरा लांबण लागेल, सोसून घ्या.

ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. ऑगस्टात तुमच्या लॉनला भेगा पडतात ना, ज्यात पेन्सिल अख्खी आत जाते? तेच तुमच्या पायाखाली होतं. घर १९३० चं म्हणजे त्याचा पाया बहुधा उथळ, तो आता इतक्या वर्षांत बसून स्थिर झालाय. त्याला चिकटून नवीन हलकी काचेची खोली बांधली आणि तिचा पाया वीतभर खोल ठेवला की ती ऋतूप्रमाणे वरखाली होणार आणि घर होणार नाही. मग दोघांच्या जोडावर भेग, दार अडकतं, पाऊस आत. कॉन्झर्व्हेटरी हलकी असते म्हणून पायाही हलका चालतो हा हिशोब क्लेमध्ये चालत नाही, इथे वजनाचा प्रश्नच नाही, हालचालीचा आहे. १९७६ च्या दुष्काळात दक्षिण इंग्लंडात इतकी घरं तडकली की त्यानंतर क्लेमध्ये किमान १ मीटर खोल पाया हा रिवाज पडला. झाड जवळ असेल तर त्याहून खोल.

आता झाडाचं. सफरचंद हे मध्यम तहानेचं झाड, ओक, विलो, पॉप्लर हे खरे पाणी पिणारे. ६ मीटरवरच्या सफरचंदासाठी पाया थोडा खोल न्यावा लागेल पण झाड तोडायची गरज मला तरी दिसत नाही. आणि नवरोजींना सांगा की "सगळं उपटून टाकू" हे क्लेमध्ये उलटंही पडतं. मोठं जुनं झाड तोडलं की ते जे पाणी शोषत होतं ते मातीत राहतं, माती वर्षानुवर्षं हळूहळू फुगते आणि पाया वर उचलला जातो. त्याला हीव्ह म्हणतात आणि तो खचण्यापेक्षा वाईट, कारण तो थांबवता येत नाही. तुमच्या झाडापेक्षा मला शेजाऱ्यांच्या बागेत काय आहे त्याची जास्त काळजी आहे. कुंपणापलीकडे विलो आहे का? मुळांना कुंपण कळत नाही.

झाडाला हात लावायचाच असला तर काउन्सिलच्या वेबसाइटवर बघा त्यावर टीपीओ (झाड संरक्षणाचा आदेश) आहे का. घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जुन्या वास्तूंसाठी जपलेल्या भागात) असेल तर छातीइतक्या उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोडाला हात लावण्याआधी काउन्सिलला ६ आठवड्यांची नोटीस द्यावी लागते, टीपीओ नसला तरी.

डोंबिवलीचा_डेव्हिड | १५ जानेवारी

मला एक कळत नाही, कॉन्झर्व्हेटरीच का? हिवाळ्यात फ्रीज आणि जुलैत तंदूर. त्यापेक्षा थोडे जास्त टाकून रीतसर एक्स्टेन्शन करा ना, पक्कं छत, वर स्कायलाइट. एवढा १ मीटर पाया खणताय, ड्रेन हलवताय, मग वर काच का.

रानजाई_हॅरो | १५ जानेवारी

दादा, बजेट. आणि मला वर्षभर वापरायची खोली नकोच आहे, मला झाडांची खोली हवीय ज्यात दोन खुर्च्या मावतील. @माती, विलो नाहीये, पलीकडे फक्त त्यांची हेज (झुडपांचं कुंपण) आहे.

भेगाळलेली_माती | १५ जानेवारी

@डेव्हिड, तुमचं म्हणणं एरवी बरोबर आहे, पण एक फरक लक्षात घ्या. ३० चौरस मीटरच्या आतली, घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दाराने वेगळी ठेवलेली आणि घराचं हीटिंग न ताणलेली कॉन्झर्व्हेटरी बिल्डिंग रेग्युलेशन्समधून सुटते, काच नि वायरिंगचे नियम सोडून. मधलं दार काढून किचन सलग केलं की ती सूट गेली. रानजाईताईंना झाडांसाठी हवीय तर दार राहू द्यात आणि सूट घ्यावी. प्लॅनिंगमध्ये सेमीला मागे ३ मीटरपर्यंत साधारणपणे अर्ज लागत नाही. पण सूट आहे म्हणून पाया कमी करायचा नाही, तिथेच लोक फसतात, कारण इन्स्पेक्टर येऊन चर बघत नाही.

कर्वेनगर_कट्टा | १६ जानेवारी

वाचतोय आणि थक्क होतोय. आमच्या सोसायटीत चार मजल्यांच्या बाल्कन्या काचा लावून खोल्या झाल्या, ड्रेन तर सोडाच पण खालच्या मजल्यालाही कोणी विचारलं नाही.

चिरमुरा | १६ जानेवारी

आणि वर तिथे वॉशिंग मशीन ठेवलं असेल. अवांतर थांबवतो.

अलकनंदा_के | १८ जानेवारी

शेजाऱ्यांशी बोललात का? नुसतं शाम्पूपुरतं नाही :) शेजारच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत, त्यांच्या पायापेक्षा खोल खणणार असाल तर पार्टी वॉल अ‍ॅक्ट, १९९६ प्रमाणे महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तुमचा पाया १ मीटरचा आणि त्यांचा १९३० चा उथळ, म्हणजे लागणारच. १४ दिवसांत त्यांनी लेखी होकार दिला तर प्रश्न मिटला, गप्प बसले तर तो वाद धरला जातो आणि सर्व्हेअर आणावे लागतात, खर्च तुमचा. म्हणून आधी चकली-चहा घेऊन जा, नकाशा दाखवा, मग कागद द्या. एकदम दारातून नोटीस सरकवली की चांगले लोकसुद्धा बिथरतात. जाताना त्यांच्या भिंतींवर आत्ता कुठे भेगा आहेत त्याचे दोघांनी मिळून फोटो काढून ठेवा, ते दोघांच्याही हिताचं.

ग्लासगोकर | १८ जानेवारी

स्कॉटलंडमधून वाचणाऱ्यांसाठी, हा पार्टी वॉल कायदा इकडे नाही आणि बिल्डिंग वॉरंटचे नियमही वेगळे. वरचं वाचून इकडे हिशोब मांडू नका.

पोहे_आणि_पुडिंग | २० जानेवारी

मातीचं कोणी बोललं नाही अजून. गणित करूया. तीन बाजूंचा चर मिळून १० मीटर लांब, साधारण ४५ सेंटिमीटर रुंद, १ मीटर खोल, म्हणजे साडेचार घनमीटर. आत फ्लोरसाठी ३० सेंटिमीटर उकराल ते धरून सात-आठ. खणलेली माती मोकळी होते आणि पाव ते तिसरा हिस्सा फुगते, म्हणजे नऊ-दहा. ८ घनयार्डाच्या स्किपमध्ये (राडारोडा न्यायची लोखंडी पेटी) ६ घनमीटर मावते, म्हणजे दोन स्किप. मातीसाठी यापेक्षा मोठी स्किप देत नाहीत, उचलतच नाही. पुढे ड्राइव्हवे नसेल आणि स्किप रस्त्यावर ठेवायची असेल तर काउन्सिलचं परमिट लागतं, स्किपवाल्याला विचारा, बहुतेक तोच काढतो. ग्रॅब लॉरी बघा, सोंडेने भिंतीवरून माती उचलते, एका फेरीत बरंचसं जातं.

आणि बिल्डरला बजावून ठेवा, वरची वीतभर काळी माती वेगळ्या ढिगात, खालची पिवळी-करडी क्ले वेगळ्या. आमच्याकडे बिल्डरने सगळी एकत्र कालवून लॉनवर पसरली आणि वर हिरवळ टाकून दिली, दिसायला झकास, पण पाऊस पडला की तळं आणि अजून तिथे काही धड येत नाही. काळी माती सोनं आहे, ती देऊ नका कोणाला. जिथे खणणार तिथली हिरवळही चौकोन कापून काढा आणि एका कोपऱ्यात उलटी रचून ठेवा, गवत खाली माती वर. वर काळं प्लॅस्टिक. वर्षभराने कुंड्यांसाठी अशी माती होते की विकत घ्यावी लागत नाही.

भेगाळलेली_माती | २० जानेवारी

+१. आणि ओल्या क्लेवरून ढकलगाडी नि डिगर फिरवू नका. एकदा दाबली गेली की हवा संपते. जाण्यायेण्याच्या वाटेवर जाड प्लायचे तक्ते टाका. साइड गेटची रुंदी मोजा, सगळ्यात लहान डिगर पाऊण मीटरच्या आसपास असतात, मधेच गॅस मीटरची पेटी आली तर अडकतो.

बॉयलरबाबा | २१ जानेवारी

बागेच्या नादात भिंत विसरू नका. तुमचा बॉयलर किचनमध्ये असेल तर त्याचं फ्लू (धुराची नळी) मागच्या भिंतीतून बाहेर येत असेल. तिथे कॉन्झर्व्हेटरी झाली की तो धूर खोलीत! गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून ते आधी हलवायचं, हे ऐच्छिक नाही. तसंच भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा दिसतील, त्या लाकडी फ्लोरखाली हवा जाण्यासाठी असतात, बुजवायच्या नाहीत. नव्या फ्लोरखालून पाइप टाकून त्यांना बाहेरपर्यंत न्यायचं. नाहीतर चार वर्षांनी दिवाणखान्याची लाकडं कुजतात आणि वास कुठून येतो ते कळत नाही.

बाजूच्या राहिलेल्या बागेची पातळी डीपीसीच्या (भिंतीतला ओल अडवणारा थर) किमान १५० मिलिमीटर खाली ठेवा. उरलेली माती भिंतीला टेकवून वाफा करायचा मोह होतो, करू नका.

अलकनंदा_के | २१ जानेवारी

छतावरच्या पाण्याचंही बघा. सोकअवे (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) घरापासून ५ मीटर लांब हवा, आणि क्लेमध्ये तो चालेलच असं नाही. खड्डा करून त्यात पाणी ओतून बघा किती वेळात उतरतं. हॅरोत बहुधा दुसऱ्या दिवशीही तसंच असेल. निदान एक मोठा वॉटर बट (पावसाच्या पाण्याचं पिंप) लावा, कढीपत्त्याला नळाच्या चुनकट पाण्यापेक्षा तेच आवडतं.

हेज किंवा भिंतीवरची वेल काढायची असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत काढा. मार्चपासून पक्षी घरटी करतात आणि वापरातलं घरटं मोडणं हा १९८१ च्या वाइल्डलाइफ अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. एप्रिलमध्ये बिल्डर दारात आणि वेलीत ब्लॅकबर्ड बसलेली, असं झालं की काम तिथेच थांबतं.

रानजाई_हॅरो | २४ फेब्रुवारी

अपडेट देते. गुलाब हलवले, गाजर प्रकरण शंभर टक्के खरं, एकाचं मूळ तर संपतच नव्हतं, शेवटी करवतीने कापलं. बाकीच्यांना कोंब दिसतायत. वेल काढली, फरश्या उचलल्या, खाली दोन बेडूक निघाले, त्यांना सफरचंदाखाली ओंडक्यांत सोडलं. आजोबांनी सही दिली, चकलीची रेसिपी मागितली.

कॅमेऱ्यात पाइप चिनीमातीचा निघाला, एका सांध्यात मुळं घुसलीत, ते वॉटर कंपनीला कळवलंय. चेंबर पुढे सरकवायचा अर्ज केलाय. बिल्डर आधी कुरकुरला, "सगळे असंच करतात" म्हणाला, मग लिंटेल नि सव्वा मीटरचा पाया धरून नवीन कोटेशन दिलं. चांगलंच वाढलंय. म्हणून आम्ही रुंदी ४ वरून साडेतीनवर आणली, सोफा रद्द, खुर्च्या दोनच. परवानगी येईपर्यंत खणायचं नाही असं त्याला लिहून दिलंय, एप्रिलचा मे होईल. सफरचंद राहतंय, नवरा आता त्याची छाटणी यूट्यूबवर बघतोय. सासूबाईंनी फोनवर सांगितलंय पहिलं फावडं मारायच्या आधी नारळ फोडायचा, बिल्डरने विचारलं हे कोटेशनमध्ये आहे का.

एक प्रश्न राहिला. मोगरा नि कढीपत्ता हिवाळ्यात त्या काचेत टिकतील का, हीटिंग न ठेवता?

पोहे_आणि_पुडिंग | २४ फेब्रुवारी

नोव्हेंबर ते मार्च नाही. रात्री आत पाणी गोठेल इतकं होऊ शकतं. कढीपत्ता १० अंशांखाली गेला की पानं टाकायला लागतो. त्या महिन्यांत दोघांना परत किचनमध्ये घ्या आणि पाणी अगदी कमी द्या.  आणि मे-जूनमध्ये छताला आतून पडदा लावा, नाहीतर मोगऱ्याची पानं भाजतील. वरच्या खिडक्या उघडणाऱ्याच घ्या, फिक्स नको, बिल्डर स्वस्त पडतात म्हणून फिक्स घालू बघेल.

रानजाई_हॅरो | २५ फेब्रुवारी

म्हणजे हिवाळ्यात किचनची खिडकी पुन्हा भरलेलीच :( सासूबाईंना एवढ्यात सांगत नाही. बरं, त्या जुन्या काँक्रीटच्या फरश्या कोणाला हव्यात का? दोन फुटी चौकोनी, तीसेक असतील, चारपाच कोपरे तुटलेल्या. स्किपमध्ये टाकायच्या जिवावर आलंय.

चिरमुरा | २५ फेब्रुवारी

मी वेम्ब्लीत आहे, शेडखाली घालायला हव्यातच. रविवारी गाडी घेऊन येतो, पत्ता विपुत (विचारपूशीत) टाका. उचलायला माणूस आणू की नवरोजी आहेत?

रानजाई_हॅरो | २५ फेब्रुवारी

माणूस आणा. नवरोजींची गुलाबांनंतर कंबर धरलीय.

डोंबिवलीचा_डेव्हिड | २५ फेब्रुवारी

चिरमुरा, एका फेरीत सगळ्या घालू नकोस, एकेक फरशी चाळीसेक किलो भरते, गाडीचं सस्पेन्शन बसेल. दहा-दहा करून ने.